सेटिंग लावली का?

जबलपूरला लोखंडाची सवय जुनी आहे. तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, आणि लष्करासाठी एकेकाळी शक्तिमान ट्रक बांधणारी व्हेइकल फॅक्टरी १९६९ सालची. या शहरातल्या रिछाई औद्योगिक क्षेत्रात लहानमोठ्या शेड दाटीने उभ्या आहेत. कारखान्यांतली भाषा अर्थात हिंदी. पण मराठी घरातून आलेला एखादा टर्नर घरच्यांशी फोनवर बोलताना सहज म्हणून जातो, ‘‘थांब जरा, अजून सेटिंग लावतोय.’’

या एवढ्याशा वाक्यात दोन क्रियापदं एकमेकांना खेटून उभी आहेत. एक इंग्रजीतलं ‘सेट’, दुसरं आपलं ‘लावणे’. दोघांचा जन्म हजारो मैलांच्या अंतरावर झाला, मूळ वेगळं, घराणं वेगळं. तरी आयुष्यभर दोघांनी जवळजवळ एकच काम केलं आहे. ते कसं, हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं.

आधी ‘सेट’. सीएनसी मशीनवर जॉब आणि टूल जागेवर बसवून मापं जुळवणारा तो ‘सेटर’. टूलची लांबी मशीनला कळावी म्हणून जो आकडा भरायचा तो ‘ऑफसेट’. गडबड झाली की दाबायचं ते ‘रिसेट’. पुली दांड्यावर घट्ट धरून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू म्हणजे ‘सेट स्क्रू’. पत्रा मर्यादेपलीकडे वाकवला आणि सोडल्यावर तो पुरता सरळ झाला नाही, तर जो बाक कायमचा राहिला त्याला म्हणायचं ‘परमनंट सेट’. करवतीचा एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे असा किंचित वाकवतात, म्हणजे पातं लाकडात अडकत नाही. त्या वाकवण्यालाही सेटच म्हणतात. फोर्जिंगवाल्याकडे जा. तापलेल्या सळीच्या टोकावर दाब देऊन ते फुगवायचं आणि बोल्टचं डोकं घडवायचं, या क्रियेचं नाव ‘अपसेटिंग’. सळई अपसेट झाली की कारागीर खूश. मजा अशी की ‘अपसेट’चा पंधराव्या शतकातला अर्थ होता ‘उभं करणे’. पुढे तो नेमका उलटून ‘पाडणे, उलथवणे’ झाला, आणि मग आपण सगळेच ऊठसूट अपसेट होऊ लागलो.

शेडच्या बाहेरही सुटका नाही. टीव्हीचा सेट, त्याच्या डोक्यावरचा सेट-टॉप बॉक्स, चित्रपटाचा सेट, टेनिसचा सेट, केस सेट करणं, सिमेंट सेट होणं, पोरगं नोकरीत सेट होणं. गणितातल्या सेटला महाराष्ट्रातली मुलं ‘संच’ म्हणतात आणि जबलपूरच्या हिंदी शाळेतली ‘समुच्चय’. (प्राध्यापक व्हायला द्यावी लागते ती सेट परीक्षा मात्र यातली नाही. ती नुसती आद्याक्षरांची मोळी आहे.)

ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात सर्वांत लांब नोंद होती ती याच क्रियापदाची. सुट्या ‘सेट’चे सुमारे ४३० अर्थ, जोडशब्द आणि वाक्प्रचार धरले तर ५८०च्या आसपास, आणि ते समजावून सांगायला साधारण ६०,००० शब्द खर्ची पडले. ६०,००० शब्दांत एक बऱ्यापैकी कादंबरी होते. पुढे कोशाची नवी आवृत्ती तयार होऊ लागली आणि हा मान ‘सेट’कडून गेला. २००० साली ‘मेक’, २००७ साली ‘पुट’ आणि २०११ साली ‘रन’ पुढे सरकलं. ‘रन’चे अर्थ भरले ६४५. या यादीत विद्वत्तेचा एकही शब्द नाही. करणे, ठेवणे, धावणे, बसवणे: घरातलं लहान मूलही जे करतं त्या क्रियांचीच ही नावं आहेत.

जॉर्ज किंग्स्ली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली याचा नियम मांडला. शब्द जितका अधिक वेळा तोंडी येतो तितके त्याचे अर्थ अधिक, आणि हे नातं ढोबळमानाने वर्गमुळाचं असतं. म्हणजे एखादा शब्द दुसऱ्याच्या शंभरपट वापरात असेल, तर त्याचे अर्थ साधारण दहापट. नियम देखणा आहे, पण त्यातून ‘किती’ एवढंच कळतं. ‘सेट’चेच अर्थ या विशिष्ट दिशांना का पसरले, हे पाहायचं तर त्याच्या जन्माकडे जावं लागतं.

इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे. ‘सेट’ हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे बसायला लावणे. आज इंग्रजी बोलणाऱ्यालाही हे जाणवत नाही, कारण प्रयोजक करण्याची ती जुनी रीत इंग्रजीतून केव्हाच लोपली. संस्कृतात मात्र ती लख्ख शाबूत आहे. धातू ‘सद्’, बसणे. प्रयोजक ‘सादयति’, बसवतो. हे ‘सादयति’ आणि इंग्रजीचं ‘सेट’ एकाच प्राचीन रूपातून आलेले सख्खे भाऊ आहेत. भाषाशास्त्रज्ञ ध्वनींचे नियम लावून ही दोन रूपं एकमेकांसमोर ठेवतात, आणि ती अक्षरशः जुळतात.

एकदा हे कळलं की ओळखीचे शब्द वेगळेच दिसायला लागतात. सदन म्हणजे बसायची जागा. सभेत बसतो तो सभासद. एकत्र बसतात ती संसद, सभोवार बसतात ती परिषद, गुरूच्या जवळ खाली बसून ऐकायचं ते उपनिषद. विषाद म्हणजे खचून बसणं. सर्वांत सुंदर गोष्ट ‘प्रसाद’ची. ‘प्र’ लावून ‘सद्’ आला की अर्थ होतो निवळणे, गाळ तळाशी बसून पाणी स्वच्छ होणे. तसं मन निवळलं की माणूस ‘प्रसन्न’ होतो, देव प्रसन्न झाला की त्याची कृपा तो ‘प्रसाद’, आणि ती कृपा म्हणून हातावर पडतो तो शिरा किंवा पेढा. पक्ष्याच्या घरट्याला संस्कृतात ‘नीड’ म्हणतात. ‘नि’ अधिक ‘सद्’ यांचं झिजलेलं रूप आहे ते, खाली बसायची जागा. इंग्रजीचं ‘नेस्ट’ हुबेहूब तोच शब्द आहे. ‘सीट’, ‘सेशन’, ‘सेटल’, ‘प्रेसिडेंट’ ही मंडळीही याच कुळातली, काही जर्मानिक वाटेने आलेली, काही लॅटिन वाटेने. अध्यक्ष सदनाचं सेशन चालवतो तेव्हा बसण्याचाच धातू दोन वेगळ्या कपड्यांत तिथे हजर असतो. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात ‘सद्’चे तीन अर्थ दिले आहेत: विखरणे, जाणे आणि खचणे. बसण्याच्या धातूला ‘जाणे’ हाही अर्थ! शंकराचार्यांनी कठोपनिषदावरच्या भाष्यात ‘उपनिषद’ शब्दाचा उलगडा याच तीन अर्थांच्या आधारे केला आहे. मला स्वतःला गुरूजवळ बसण्याचा साधा अर्थच अधिक भावतो.

आणि सूर्य? इंग्रजीत सूर्य सेट होतो तो का? तो कुणाला बसवत नाही. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला एक शब्द होता, ‘सेटलगांग’, म्हणजे बैठकीकडे जाणं. दिवसभर फिरलेला सूर्य आपल्या आसनावर जाऊन बसतो. आपण ‘अस्त’ म्हणतो. वेदांच्या भाषेत ‘अस्त’ म्हणजे घर. ‘अस्तास जाणे’ म्हणजे घरी जाणे. पश्चिमेकडच्या माणसांनी सूर्याला खुर्ची दिली, आपल्याकडच्यांनी घर दिलं.

इथे एक सावधगिरी. कपबशांचा सेट, पान्यांचा सेट यांतलं नाम मुळात या कुळातलं नाही. ते जुन्या फ्रेंचमधून आलं, आणि त्याच्या मागे लॅटिनमधला ‘अनुसरणे’ या अर्थाचा धातू आहे. एकामागून एक येणारे, म्हणून एका गटातले. दोन शब्द उच्चाराने सारखे झाले आणि इंग्रजांनी त्यांना एकत्र नांदवलं. त्या लॅटिन धातूचा संस्कृत भाऊ ‘सच्’, सोबत असणे, आणि त्यातून आला ‘सचिव’. मंत्रालयातला सचिव आणि कपाटातला कपबशांचा सेट हे दूरचे नातलग निघतात. सचिवांना हे सांगायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता ‘लावणे’. हे ‘लागणे’चं प्रयोजक. लागणे म्हणजे स्पर्श होणे, चिकटणे. संस्कृत धातू ‘लग्’, प्राकृतात ‘लग्ग’, मराठीत ‘लाग’. धातुपाठाने याला एकच अर्थ दिला आहे: संग. म्हणजे एकीकडे ‘बसायला लावणे’ आणि दुसरीकडे ‘चिकटायला लावणे’. दोन्ही प्रयोजक, दोन्ही शरीराच्या अगदी साध्या स्थितीतून निघालेली. आता इंग्रजी ज्या ठिकाणी ‘सेट’ वापरते ती एकेक घेऊन पाहा. गजर लावणे. घड्याळ लावणे. सापळा लावणे. आग लावणे. वस्तऱ्याला धार लावणे. गाण्याला चाल लावणे. माणसाला कामाला लावणे. चोरामागे कुत्रा लावणे. वस्तूला किंमत लावणे. रोप लावणे. सर्वस्व पणाला लावणे. यांतल्या प्रत्येकासाठी इंग्रजीत ‘सेट’ आहे किंवा एकेकाळी होतं. दही घ्या. आपल्या घरात रात्री दही लावतात आणि सकाळी ते लागतं. इंग्रज स्वयंपाकघरातही दही सेट करतात आणि ते सेट होतं. यात कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. विरजण घातलं आणि पातेलं न हलवता ठेवलं, की पातळ असलेलं स्थिरावतं. त्या स्थिरावण्याला एकाने ‘बसलं’ म्हटलं, दुसऱ्याने ‘चिकटलं’.

मोडलेलं हाड सेट करणं, अंगठीत हिरा सेट करणं, इथे मात्र मराठी ‘लावणे’ वापरत नाही. आपण म्हणतो हाड बसवलं, हिरा बसवला. बसवणे म्हणजे बसायला लावणे, म्हणजे अर्थाच्या हिशेबात ‘सेट’चा थेट जुळा! फक्त धातू निराळा. ‘बसणे’ आलं ‘उपविश्’मधून, जुन्या मराठीतल्या ‘बैसणे’च्या वाटेने. मराठीने एकाच इंग्रजी क्रियापदाची वतनं दोघांत वाटली आहेत. नाटक, गणपती, मशीन, हाड ही बसवायची. दिवा, गजर, चाल, धार ही लावायची. यामागे काहीतरी तर्क आहे असं वाटतं: जे आपल्या खोबणीत पक्कं जायचं ते बसवायचं, जे नुसतं चालू किंवा संपर्कात यायचं ते लावायचं. पण तर्क पुरता पोचत नाही तोच कुणीतरी म्हणतं, ‘शिस्त लावली’ आणि ‘वचक बसवला’. तिथे मी हात टेकतो.

‘लागणे’चा पसारा कोशात पाहायचा असेल तर दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचा खंड काढून बसावं. किंवा कोश राहू द्या, एखाद्या एसटी स्थानकावर उभं राहावं. ‘गाडी लागली का?’ असं एकजण विचारतो तेव्हा ती फलाटावर आली का, हे त्याला हवं असतं. ‘मला गाडी लागते,’ असं दुसरी म्हणते तेव्हा तिला खिडकीजवळची जागा हवी असते. कंडक्टर सांगतो नाशिकला चार तास लागतील. कुणाला भूक लागते, कुणाचा डोळा लागतो, कुणाचे डोळे वाटेकडे लागतात. आणि शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ गप्पांच्या ओघात तुमचा चुलतमामा लागतो.

उसाच्या पट्ट्यात शेतकरी ‘लागण’ म्हणतो ती उसाची, आडसाली किंवा सुरू हंगामातली. डॉक्टर ‘लागण’ म्हणतो ती रोगाची. कांडी मातीला चिकटते, जंतू माणसाला. झाडाला फळ लागतं, पातेल्याच्या तळाशी दूध लागतं, जिभेला भाजी छान लागते, दगडाची ठेच लागते, पोराला दृष्ट लागते, सूर्याला ग्रहण लागतं, गवयाचा सूर लागतो. कुणाची लॉटरी लागते, कुणाची वाट लागते. आणि जो वाटेला लागतो त्याचं मात्र भलं होतं.

या सगळ्यांत मुकुटमणी म्हणजे ‘लग्न’. ‘लग्’ धातूचं भूतकाळवाचक विशेषण, अर्थ ‘चिकटलेलं’. ज्योतिषात क्रांतिवृत्ताचा जो बिंदू त्या क्षणी पूर्व क्षितिजाला टेकलेला असतो, तो ‘लग्न’. पृथ्वी फिरते तसा हा बिंदू सतत बदलतो आणि दिवसभरात बाराही राशी क्षितिजाला स्पर्श करून जातात. म्हणून विवाहासाठी ठरावीक राशी क्षितिजावर असतानाचा क्षण गाठायचा. तो क्षण हुकू नये म्हणून पाण्यात घटिकापात्र सोडून त्याच्यावर नजर ठेवायची. हळूहळू त्या क्षणाचं नाव सोहळ्याला पडलं, आणि सोहळ्याचं नाव पुढच्या सगळ्या संसाराला. अक्षता पडल्या की आपण म्हणतो ‘लग्न लागलं’. एकाच धातूची दोन रूपं, एक संस्कृतच्या राजरस्त्याने आलेलं आणि दुसरं प्राकृतच्या पायवाटेने. भटजी लग्न ‘लावतात’ म्हणजे तिसरंही रूप हजर. इतकं असूनही वधूवरांचा उल्लेख यात नाही. चिकटली आहे ती रास, क्षितिजाला.

जबलपूर परिसरावर १७८१ ते १८१७ या काळात मराठ्यांचा अंमल होता, पुढे १८६१पासून नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली, तेव्हा मराठी आणि हिंदी इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आल्या आहेत. ‘लागणे’ आणि ‘लगना’ ही एकाच आईची लेकरं. ‘रडू लागला’ आणि ‘रोने लगा’ यांत तसूभर फरक नाही. भूक दोघांनाही लागते. पण बहिणींनी काही खोल्या अदलाबदल केल्या आहेत. हिंदीत ‘मुझे लगता है’, मराठीत ‘मला वाटतं’. हिंदीत सक्ती ‘पडते’, ‘जाना पड़ता है’; मराठीत ती ‘लागते’, ‘जावं लागतं’. हिंदीत गाणं, गाव, माणूस, काहीही ‘अच्छा’ लगतं. मराठीत ‘छान लागतं’ ते फक्त जिभेला. हिंदीच्या वाऱ्यात वाढलेलं पोर पुण्याच्या आजीला जेव्हा म्हणतं, ‘‘आजी, मला तू खूप छान लागतेस,’’ तेव्हा आजी दचकते ती याच कारणाने.

‘करू लागला’ आणि ‘करावं लागतं’ या दोन प्रयोगांत ‘लागणे’ने क्रियापदाचं घर सोडून व्याकरणाच्या चाकरीत प्रवेश केलेला दिसतो. एका ठिकाणी ते आरंभ सांगतं, दुसऱ्या ठिकाणी बंधन. तिथे चिकटणं उरलेलंच नाही. इंग्रजी ‘सेट’ इतक्या खोलवर कधी उतरलं नाही. त्याचे अर्थ शेकडो झाले, पण ते क्रियापदच राहिलं. ‘लागणे’ त्याहीपुढे गेलं. जुन्या मराठीत ‘तुजलागी’, ‘मजलागी’ अशी रूपं सर्रास भेटतात. ‘लागी’ म्हणजे ‘ला’ किंवा ‘साठी’, शब्दशः ‘चिकटून’. आजच्या ‘मला’, ‘तुला’, ‘घराला’ यांतला ‘ला’ हा प्रत्यय याच ‘लागी’चं झिजून उरलेलं टोक असावं, असं मराठीच्या व्युत्पत्तीवर काम केलेल्या अनेकांचं मत आहे. एकमत नाही, ‘ला’चा उगम इतरत्र शोधणारेही आहेत. पण शेजाऱ्यांकडे पाहिलं तर हे मत बळकट वाटतं. नेपाळीत ‘साठी’ म्हणायला आजही ‘को लागि’ म्हणतात, बंगाली काव्यात ‘तोमार लागि’ म्हणजे तुझ्यासाठी. मत खरं असेल तर ‘मला भूक लागली’ या चार वर्षांच्या मुलाच्या वाक्यात ‘लग्’ धातू दोनदा आला आहे: शेवटी सबंध, आणि ‘मला’च्या शेपटीला जेमतेम एका अक्षराचा.